जुना साचा, नवं इंजिन : रिस्टोमॉड कॅमारोबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांकडून सध्या जुन्या मसल कारविषयी बरीच पत्रं येत आहेत. त्यांतली बहुतेक 1967 ते 1969 या वर्षांतल्या शेव्हरोले कॅमारोबद्दल आहेत. बाहेरून जुनी, आत मात्र फ्युएल इंजेक्शनचं आधुनिक इंजिन, सहा गिअर, डिस्क ब्रेक आणि एसी अशी गाडी तिकडे ‘रिस्टोमॉड’ म्हणून विकली जाते. अशा गाडीत बिघाड बहुधा सुट्या भागांत नसतो. जुनं आणि नवं जिथे जोडलं जातं त्या सांध्यात असतो. आमच्या उत्तरांचा भर म्हणूनच तिथे आहे.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : 1969 ची कॅमारो एसएस (‘सुपर स्पोर्ट’, तिची जास्त ताकदीची आवृत्ती) विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय : एलएस3 इंजिन, टी-56 गिअरबॉक्स, चारही चाकांना डिस्क, ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’, ‘नंबर्स मॅचिंग’. गाडी दूरच्या राज्यात आहे. प्रत्यक्ष जाण्याआधी काय काय मागवून घ्यावं?

जाहिरातीतच दोन गोष्टी जुळत नाहीत, त्यांपासून सुरुवात करा. ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणजे कारखान्यातून गाडीसोबत आलेलं मूळ इंजिन अजून तिच्यात आहे. एलएस3 हे शेव्हरोलेच्या एलएस मालिकेतलं 6.2 लिटरचं इंजिन पहिल्यांदा आलं ते 2008 च्या कॉर्व्हेटमध्ये, त्यामुळे 1969 च्या गाडीत ते असेल तर नंबर जुळण्याचा प्रश्नच उरत नाही. मूळ इंजिन वेगळं जपून ठेवलंय आणि ते गाडीसोबत मिळणार आहे, असं विक्रेत्याला म्हणायचं असेल तर ब्लॉकवर ठोकलेल्या नंबराचा फोटो मागा. दुसरं, कॅमारोला आख्खी फ्रेम नसतेच. फायरवॉलपासून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापासून) मागे सगळी मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या फ्रेमशिवायची बॉडी आणि पुढे बोल्टांनी जोडलेली सबफ्रेम, अशी तिची रचना आहे. म्हणून सरळ विचारा, ‘सबफ्रेम खाली उतरवली होती का? त्या वेळचे फोटो आहेत का?’ खरं काम झालं असेल तर उघड्या पत्र्याचे, वेल्डिंगचे आणि प्रायमरचे फोटो असतातच. फक्त चकचकीत रंगाचे फोटो आले तर सावध व्हा.

आता व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. 1969 च्या कॅमारोचा व्हीआयएन 13 अक्षरांचा असतो, उदाहरणार्थ 124379एन आणि पुढे सहा आकडे. पहिला 1 म्हणजे शेव्हरोले. पुढचे 24 म्हणजे व्ही8 कॅमारो. तिथे 23 असेल तर गाडी सहा सिलिंडरची जन्मली. 37 म्हणजे कूपे, 67 म्हणजे कन्व्हर्टिबल. 9 म्हणजे 1969. एन म्हणजे ओहायोतला नॉरवुडचा कारखाना आणि एल म्हणजे कॅलिफोर्नियातला व्हॅन नाइसचा. शेवटच्या सहा आकड्यांची सुरुवात 500001 पासून होते. यात ‘एसएस’ कुठेच नाही, हे ध्यानात घ्या. व्हीआयएनवरून एसएस किंवा झेड/28 (शर्यतीसाठी काढलेली आवृत्ती) सिद्ध होत नाही. नॉरवुडच्या गाड्यांत साधारण डिसेंबर 1968 पासून फायरवॉलवरच्या ट्रिम टॅगवर एक्सने सुरू होणारा कोड येतो. एक्स33 आणि एक्स77 हे झेड/28 चे. व्हॅन नाइसच्या टॅगवर हा कोड नसतो. एसएसचे बिल्ले, ग्रिल आणि बॉनेट आज नवे विकत मिळतात. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं बदललेल्या गाडीत ती मूळची एसएस होती की नाही याने चालण्यात फरक पडत नाही, पण त्या दोन अक्षरांसाठी जादा पैसे मागत असतील तर कागदी पुरावा मागा.

व्हीआयएनची पट्टी डॅशबोर्डवर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसते. तिच्या दोन्ही रिव्हेटांचा अगदी जवळून फोटो मागवा. जीएमने (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मालक कंपनी) तिथे फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडांचे खास रिव्हेट वापरले होते. साधे गोल पॉप-रिव्हेट दिसले तर पट्टी कधीतरी काढून परत बसवली आहे. याच व्हीआयएनचा काही भाग बॉडीवर आणखी दोन ठिकाणी ठोकलेला असतो : काचेखालच्या काउल पॅनलच्या आत आणि फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे. हे तीन आणि टायटलवरचा (मालकीच्या सरकारी कागदावरचा) नंबर, असे चारही जुळले पाहिजेत. 1969 च्या कॅमारोची आख्खी नवी बॉडी आज बाजारात मिळते, त्यामुळे जुन्या गाडीची पट्टी नव्या बॉडीवर चढवलेली गाडी समोर येऊ शकते. असा व्यवहार फौजदारी गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतो; गाडी जप्त झाली तर पैसे तुमचे जातात. संगणकावरचा हिस्टरी रिपोर्ट इथे कामाला येत नाही, कारण 17 अक्षरांचा व्हीआयएन 1981 च्या मॉडेलपासून सुरू झाला.

इंजिनाचं मूळ बिल मागा. ट्रकमधलं 5.3 लिटरचं इंजिन वरचं कव्हर बदलल्यावर एलएस3 सारखंच दिसतं. प्रत्यक्ष गेल्यावर ब्लॉकला लोहचुंबक लावून बघा. एलएस3 चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो. चुंबक चिकटला की दावा खोटा. चिकटला नाही म्हणून तो खरा ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमची इतर इंजिनंही आहेत. शेवटी भरवसा बिलावरच.

प्रश्न (ॲटलांटा, जॉर्जिया) : गाडी बघायला जातोय. रंगाखाली काय दडलंय ते दोन-तीन तासांत कसं ओळखायचं? सोबत मेकॅनिक नाही.

पाच वस्तू न्या : रंगाची जाडी मोजणारा गेज, चांगला टॉर्च, टोकदार पेचकस, जमिनीवर आडवं होण्यासाठी जाड पुठ्ठा आणि एक लिटर पाणी.

आधी दोन पावलं मागे उभे राहून दारांच्या फटी बघा. साधारण 4 ते 5 मिलिमीटरची फट वरपासून खालपर्यंत एकसारखी हवी. दार उघडताना खाली लोंबत असेल आणि लावताना उचलून लावावं लागत असेल, तर आधी बिजागरीच्या पिना बघा. त्या ठीक असतील तर बॉडी वाकलेली किंवा सडलेली असण्याची शक्यता मोठी.

मग गेज. साठ वर्षांच्या आसपास वय झालेल्या गाडीला मूळ रंग असण्याची अपेक्षा नकोच. नीट केलेल्या नव्या रंगाची जाडी साधारण 150 ते 300 मायक्रॉन येते. 500 च्या वर गेलं की खाली पुट्टी आहे. 1,000 च्या वर म्हणजे डेंटरने पत्रा न बदलता पुट्टी भरून आकार दिलाय. मागच्या चाकाच्या पुढे आणि मागे क्वार्टर पॅनलचा खालचा वीतभर भाग, पुढच्या फेंडरचा दारालगतचा खालचा कोपरा आणि दाराच्या खालच्या कडा, इथे दर चार बोटांवर एक माप घ्या. एक अपवाद लक्षात ठेवा. छप्पर आणि क्वार्टर पॅनल जिथे जुळतात तो सांधा कारखान्यातच शिशाने भरलेला असतो, त्यामुळे चांगल्या गाडीतही तिथे आकडा मोठा येतो. त्या सांध्यावर रंगाला बारीक तडा दिसला तर मात्र दखल घ्या. मोठ्या ताकदीचं इंजिन बॉडीला पीळ देतं आणि तो पीळ इथे उमटतो. सबफ्रेमला मागच्या चॅनलशी जोडणारे कनेक्टर वेल्ड केले आहेत का, तेही तेव्हाच बघा.

गाडीखाली आडवे व्हा. पायाखालचा पत्रा, मागच्या कमानपाट्यांच्या पुढच्या टोकाची बैठक आणि सबफ्रेमचे बॉडीशी जोडणारे चार बोल्ट ही बघायची ठिकाणं. बोल्टांभोवतीचा पत्रा टोकदार पेचकसाने हलकेच दाबा. भुगा पडला किंवा पत्रा दबला तर गाडी तिथेच सोडा. काळं जाड अंडरकोटिंग नुकतंच मारलेलं असेल तर ते गंज झाकायला मारलेलं समजून चाला, विक्रेता उलट पुरावा देईपर्यंत.

डिकीत डोकं घालून मागच्या काचेच्या खालच्या चॅनलकडे टॉर्च मारा. पाणी तिथे साचतं, पत्रा सडतो आणि गळती डिकीत उतरते. व्हिनाइलचं छप्पर असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या गाडीत हे हमखास होतं.

शेवटी पाणी. विक्रेत्याची परवानगी घेऊन, पुढच्या काचेखालच्या काउलच्या जाळीतून लिटरभर पाणी सावकाश ओता. ते दोन्ही बाजूंना फेंडरच्या मागून जमिनीवर यायला हवं. पाच मिनिटांनी पुढच्या कार्पेटखाली हात घाला. ओल लागली तर काउल आतून सडलंय. तो भाग बदलायचा म्हणजे पुढची काच, डॅशबोर्ड आणि फेंडर उतरवावे लागतात, आणि त्या भागात पुन्हा रंग. या एका दोषासाठी किंमत भरपूर खाली आणायला हरकत नाही. शक्यतो गाडीच नको.

प्रश्न (फीनिक्स, ॲरिझोना) : मागच्या वर्षी एलएस3 बसवलेली 1968 ची कॅमारो घेतली. हायवेला तापमान ठीक, सिग्नलला मात्र 230 अंश फॅरनहाइटपर्यंत जातं. शिवाय गाडी उभी केली की पेट्रोलचा वास येतो.

वास आधी. तो सुटेपर्यंत गाडी बंद गॅरेजमध्ये ठेवू नका.

तुमच्या गाडीत मूळ कार्ब्युरेटर होता आणि त्याला पेट्रोलचा दाब 6-7 पीएसआय पुरत असे. एलएस3 ला 58 पीएसआय लागतो. गॅरेजवाल्याने जुन्या सवयीने साधा रबरी पाइप वापरला की तो आतून झिरपू लागतो. पाइपवर छापलेलं वाचा : एसएई 30आर7 असेल तर तो 50 पीएसआयपर्यंतचा, म्हणजे इथे चालणारच नाही. 30आर9 हा 100 पीएसआयचा आणि इंजेक्शनसाठी आहे. सर्वांत उत्तम म्हणजे आतून पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) अस्तर असलेला विणीचा पाइप. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनेही तो झिरपत नाही. सायलेन्सरच्या हेडरपासून पाइप तीन-चार इंच तरी लांब हवा. बहुतेक ठिकाणी फिल्टर आणि रेग्युलेटर एकत्र असलेला कॉर्व्हेटचा फिल्टर वापरतात. तो टाकीजवळ असावा आणि त्याचा रिटर्न टाकीत जावा. टाकीचा व्हेंट कुठे संपतो तेही पाहा. पुष्कळदा तो डिकीत मोकळा सोडलेला असतो आणि वास तिथूनच येतो. पाइप बदलल्यावर फ्युएल रेलवरच्या व्हॉल्व्हला गेज लावा. चावी फिरवताच 58 च्या आसपास दाब दिसावा आणि इंजिन बंद केल्यावर तो झर्रकन पडू नये. पडला तर गळती आहे, किंवा पंपाचा चेक व्हॉल्व्ह गेलाय.

आता तापमान. हायवेला ठीक आणि सिग्नलला गरम, म्हणजे रेडिएटरची ताकद पुरेशी आहे पण थांबल्यावर त्यातून हवा वाहत नाही. या क्रमाने बघा.

इंजिन गरम असताना, पंखा चालू झाल्यावर, पुढून एसीच्या कंडेन्सरवर वहीचा एक कागद धरा. कागद चिकटून राहिला पाहिजे. उडाला तर पंख्याच्या तारा उलट जोडल्यात आणि तो हवा पुढे फेकतोय. हळूच घसरून पडला तर हवा कमी पडतेय : पंख्याला आख्खा रेडिएटर झाकणारं श्राउड नाही, किंवा रेडिएटरच्या कडेच्या फटींतून हवा वळसा घालतेय. त्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा. काम क्षुल्लक, फरक मोठा.

मग पंखा कधी सुरू होतो ते बघा. थर्मोस्टॅट 187 ते 195 अंश फॅरनहाइटला उघडतो. पंखा त्याच्यावर दहा-पंधरा अंशांवर लागावा आणि एसी लावला की लगेच. 225 ला लागत असेल तर कॉम्प्युटरमधलं सेटिंग मूळ गाडीचंच राहिलंय. ट्यूनरकडून ते बदलून घ्या.

तिसरी गोष्ट या इंजिनाची खासियत आहे. एलएसच्या हेडवर वरच्या बाजूला वाफ आणि हवा बाहेर काढणारी छिद्रं असतात. पुढच्या दोन छिद्रांना जोडणारी नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीला किंवा सर्ज टँकला जोडावी लागते. जुन्या रेडिएटरला ती जोडायला जागा नसते, म्हणून काही जण नळी बुजवून टाकतात. मग हेडमध्ये हवा अडकते, काटा उड्या मारतो आणि मागच्या सिलिंडरांजवळ धातू स्थानिक पातळीवर तापतो. ही नळी बुजलेली आढळली तर बाकी सगळं सोडून ती आधी जोडा. त्यानंतर कूलंट भरताना गाडीचं नाक वर करून, हीटर चालू ठेवून हवा पूर्ण काढा.

खाली वाकलाच आहात तर ऑइल पॅनही बघून घ्या. कॉर्व्हेट किंवा ट्रकचा पॅन कॅमारोच्या सबफ्रेमला नीट बसत नाही. तो क्रॉसमेंबरच्या खाली लोंबत असेल तर एका स्पीडब्रेकरवर फुटेल. या कामासाठी खास बनवलेले उथळ पॅन मिळतात.

प्रश्न (डॅलस, टेक्सास) : 65 मैलांच्या वेगाला सीट आणि फरशीतून बारीक थरथर येते. चाकं तीनदा बॅलन्स केली. टी-56 आहे, डिफरन्शियल 3.73 चं.

चाकं सोडून द्या. 26 इंची टायर 65 मैलांना मिनिटाला सुमारे 840 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 14. तो धक्का बहुधा स्टिअरिंगमध्ये जाणवतो आणि त्याचे हेलकावे वेगवेगळे जाणवतील इतके सावकाश असतात. प्रोपेलर शाफ्ट त्याच वेगाला 3.73 पट, म्हणजे सेकंदाला 52 च्या आसपास फिरतो. तुम्ही लिहिलेली बारीक थरथर हीच. खात्रीसाठी मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिनाचे फेरे खाली आले तरी थरथर तशीच राहिली, तर दोष इंजिन-क्लचचा नाही. तो शाफ्टचा किंवा त्याच्या कोनाचा.

कोन चुकण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. टी-56 मॅग्नम गिअरबॉक्स या कॅमारोच्या फरशीतल्या बोगद्यात पत्रा कापल्याशिवाय बसत नाही. कापायचं टाळलं की गिअरबॉक्सची शेपटी खाली ओढून बसवतात आणि ती तीनऐवजी पाच-सहा अंश झुकते.

माप असं घ्या. गाडी चारही चाकांवर उभी हवी. चार खांबी लिफ्ट किंवा रॅम्प चालेल, मागचा ॲक्सल लोंबता चालणार नाही. टाकी अर्धी भरलेली असू द्या. डिजिटल अँगल गेज आधी गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावर, मग शाफ्टवर, मग डिफरन्शियलच्या पुढच्या टोकाला पिनियनच्या योकवर ठेवून तीन आकडे लिहा. गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांतला फरक हा पुढच्या क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या यू-जॉइंटचा) कोन. शाफ्ट आणि पिनियन यांतला फरक हा मागच्याचा. दोन्ही 1 ते 3 अंशांत असावेत, आणि दोघांत एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा. गिअरबॉक्सची शेपटी जितकी खाली बघते, पिनियन जवळपास तितकाच वर बघायला हवा. कमानपाटे असलेल्या गाडीत पिनियन अंश-दीड अंश खाली ठेवतात, कारण जोर आला की पाटे पिळतात आणि तो आपोआप वर येतो. कोन शून्यही करू नका. क्रॉसच्या सुया मग एकाच जागी बसून खाचा पाडतात.

दुरुस्ती पिनियनच्या बाजूने असेल तर पाट्यांखाली 2 अंशांची पाचर पुरते. गिअरबॉक्सच फार झुकला असेल तर पाचरीने भागवू नका. बोगदा कापून वर घ्या. खर्च लागेल, पण पर्याय नाही.

प्रश्न (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना) : मागे ड्रमऐवजी डिस्क बसवल्या. दहा मिनिटं चालवली की मागची चाकं जड होतात, गाडी ब्रेक लावल्यासारखी ओढते.

ड्रमच्या लाइनमध्ये 10 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे लाइनमध्ये थोडा दाब कायम राहतो. ड्रममध्ये स्प्रिंग ब्रेक शूंना मागे ओढते, डिस्कमध्ये अशी स्प्रिंग नसते. तो दाब पॅड डिस्कवर दाबून ठेवतो. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असेल तर हा व्हॉल्व्ह त्याच्या ड्रमच्या तोंडात, पाइपच्या सीटमागे बसलेला असतो. पण भाग बदलण्याआधी खात्री करा.

चाकं जड झाली की गाडी सपाट जागी थांबवा, पुढच्या चाकांना उटी लावा आणि मागचं एक चाक उचला. हाताने फिरवून बघा. ब्लीडर स्क्रू किंचित सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकलाय. न झालं तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल अडकली आहे. दाब अडकला असेल तर ब्लीडर कसून, पेडल पुन्हा दाबून, आता मास्टर सिलिंडरचे बूस्टरकडचे दोन नट मिलिमीटर-दीड मिलिमीटर सैल करा. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे. मास्टरचा पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल परतीच्या छिद्रातून जात नाही. रॉड थोडा आखूड करून अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक ठेवा. तरीही सुटलं नाही तर दोष रेसिड्युअल व्हॉल्व्हचा. मग डिस्क-डिस्कसाठीचा मास्टर आणि हाताने फिरवता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा) बसवा आणि पावसात नव्हे, कोरड्या रिकाम्या जागेत तो असा लावा की जोरात ब्रेक मारल्यावर आधी पुढची चाकं लॉक होतील.

पेडल दगडासारखं कडक लागत असेल तर आणखी दोन गोष्टी. या पेडलला पुशरॉडसाठी दोन भोकं असतात : वरचं साध्या ब्रेकसाठी, खालचं पॉवर ब्रेकसाठी. रॉड चुकीच्या भोकात असेल तर जोर बराच जास्त लागू शकतो. आणि इंजिनला मोठी कॅम असेल तर आयडलला व्हॅक्यूम पाऱ्याच्या 10-12 इंचांवर येतो; बूस्टरला साधारण 18 लागतो. अशा वेळी स्टिअरिंग पंपाच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट लावणं हा आमच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय.

प्रश्न (शिकागो, इलिनॉय) : रात्री पंखा लागला की हेडलाइट मंद होतात. अल्टरनेटर नवा, बॅटरी नवी.

अर्थिंग तपासा. कॅमारोची सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामध्ये रबराच्या बुशा असतात, त्यामुळे इंजिन सबफ्रेमला जोडलं म्हणजे बॉडीला अर्थिंग मिळालं असं होत नाही. बॅटरीपासून ब्लॉकला, ब्लॉकपासून सबफ्रेमला आणि ब्लॉकपासून बॉडीला अशा तीन जाड पट्ट्या हव्यात, आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर. पंखा आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बॉडीला लावा : 0.2 व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंग कच्चं. मग बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अल्टरनेटरच्या जाड टोकापर्यंत बघा, 0.3 च्या वर गेलं तर वायर बारीक आहे. जुन्या गाडीची चार्जिंग वायर 10 गेजची होती (गेजचा आकडा लहान तशी वायर जाड). शंभर अँपिअरवरच्या अल्टरनेटरला 4 गेजची वायर, तिच्या मापाच्या फ्यूजसह, हवी. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जात असेल तर दोन रिले लावा.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) : 1969 ची महाग वाटते. 1978 ची कॅमारो घेऊन त्यात एलएस टाकावं का?

कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग (धुराची) तपासणी नाही. 1976 पासून पुढच्यांना आहे. 1978 च्या गाडीत इंजिन बदलायचं तर ते त्या वर्षाचं किंवा नंतरचं हवं, त्याच्यासोबतची उत्सर्जनाची सगळी साधनं लागलेली हवीत, आणि सरकारी रेफरीकडून गाडी पास करून घ्यावी लागते. जीएमचं ई-रॉड पॅकेज कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सेन्सरांसह याच कामासाठी आहे. दुसऱ्या कुणी आधीच इंजिन बदललेली 1976 नंतरची गाडी घेत असाल तर ताजं स्मॉग प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. विमा दोन्ही बाबतींत ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चाच, म्हणजे आधी ठरलेली रक्कम देणारा घ्या. ‘स्टेटेड व्हॅल्यू’मध्ये तुम्ही लिहिलेल्या रकमेपेक्षा कमी देण्याची मुभा कंपनीला असते.

प्रश्न (पुणे) : माझा भाऊ अमेरिकेत आहे. त्याची एलएस बसवलेली 1969 कॅमारो इथे आणून व्हिंटेज म्हणून पासिंग होईल का?

व्हिंटेज म्हणून नाही. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे बदल न झालेली गाडीच व्हिंटेज ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेलं चालत नाही. वयाच्या अटीत तुमच्या भावाची गाडी बसते, इंजिनाच्या अटीत नाही. साधं पासिंग हाही मार्ग नव्हे, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कारखान्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं.

मूळ इंजिनाची कॅमारो असेल तर गोष्ट वेगळी. व्हिंटेज नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण 5,000 रुपये, आणि नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. स्टिअरिंग डावीकडे असल्याने कलम 120 प्रमाणे चालू स्थितीतली इंडिकेटर यंत्रणा बंधनकारक आहे. अमेरिकेतून गाडी बाहेर काढताना मूळ टायटल तिथल्या कस्टम्सकडे निर्यातीच्या किमान 72 तास आधी द्यावं लागतं. इथली आयात परवानगी आणि शुल्काचा आकडा कस्टम एजंटकडून लेखी घ्या, आणि तो हातात आल्यावरच जहाजाचं बुकिंग करा.

प्रश्न (सिअ‍ॅटल, वॉशिंग्टन) : वडिलांच्या मित्राकडून मूळ इंजिनाची 1969 झेड/28 मिळतेय. एलएस3 टाकू का?

कृपा करून टाकू नका. ते 302 घनइंची इंजिन ट्रान्स-ॲम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून बनवलेलं होतं, कागदावर 290 हॉर्सपॉवरचं, आणि ते फक्त 1967 ते 1969 च्या झेड/28 मध्येच मिळतं. अशी गाडी एकदा कापली की परत येत नाही. एलएससाठी सहा सिलिंडरची किंवा इंजिन हरवलेली कॅमारो शोधा; 1969 सालच्या दोन लाख चाळीस हजारांहून जास्त बनल्या होत्या.

तुमच्या गाडीला आधुनिक करायचंच असेल तर पत्रा न कापता, भोक न पाडता करता येईल तेवढंच करा : इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगले शॉक, इथेनॉल सोसणारे पेट्रोल पाइप, हेडलाइटचे रिले, नवे टायर. टायरवरचा चार आकडी कोड वाचा, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी काढा. उतरवलेला प्रत्येक मूळ भाग तेलाचा हात देऊन, चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरवरचे नंबर मात्र त्याआधी फोटोत घ्या, कारण पुढे गाडी विकताना खरेदीदार पहिल्यांदा तेच मागेल.